तुम्ही विचारलंत म्हणून: पाकिटं विकून मोकळी का होत नाही?

पुन्हा तोच प्रश्न. या वेळी भाच्याने विचारला, त्याआधी निदान दहा जणांनी. "मावशी, दोन खोकी टपालाची जुनी पाकिटं, एकगठ्ठा विकून टाक की! एकेक पाकीट द्यायला माणूस शोधत काय बसतेस?"

सांगते. एका दिवंगत संग्राहकाचा संग्रह मी उचलला तो विमानटपालाच्या चाळीसेक पाकिटांसाठी. घरच्यांची अट होती, घ्यायचं तर सगळं घ्या. 'सगळं' म्हणजे किती, ते खोकी घरात आल्यावर कळलं. तेव्हा उदारपणा वगैरे काही नाही, मला जागा हवी आहे.

पण एकगठ्ठा विकलं की पुढे काय होऊ शकतं हे मला ठाऊक आहे, कारण मीच ते केलंय. शाळेत असताना पाकिटाचा कोपरा कापून कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की टीपकागदावर वाळवायचं आणि पाकीट केरात. तिकिटं लाखांनी छापतात हो! पत्र कुठून निघालं, कधी निघालं, वाटेत कुणी फोडलं, हे असतं पाकिटावर. दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉरने फोडून पट्टी लावून पुन्हा बंद केलेली सात पाकिटं निघाली. ती त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याकडे गेली. 'पाकबो' शिक्क्याची, म्हणजे जहाजावर टपालात पडलेली, एका बोटवेड्या बाईंकडे. हे सोपं होतं.

घोळ झाला तो एका साध्या, रिकाम्या पाकिटाचा. पत्त्यावरचं आडनाव विरळ होतं, म्हणून शोधत शोधत नातीपर्यंत पोचले. तिने अक्षर लगेच ओळखलं. "आजोबांचं! आजीला लिहिलंय." मग तिने शिक्का वाचला आणि गप्प झाली. शिक्क्यावरची तारीख ज्या दोन वर्षांतली, तेव्हा आजोबा समुद्रापार नोकरीला होते, असं त्यांच्या घरात सगळे सांगत आलेले. शिक्का शेजारच्या गावचा.

"शिक्का चुकू शकतो ना?" तिने विचारलं.

इथे गप्प बसता आलं असतं. शिक्के चुकतातही, तारखेचे अंक बदलायचे राहून जातात. पण मी पाकीट उलटं केलं आणि पोचल्याचा शिक्का दाखवला. दुसऱ्याच दिवशीचा. "बघा, दोन्ही जुळतात," म्हणाले. माझ्या आवाजात चक्क आनंद होता. शिक्के जुळले की होतो, तसा.

ती बराच वेळ पाकिटाच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली. "म्हणजे आजीला माहीत होतं," एवढंच म्हणाली आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं.

तुम्ही म्हणाल, विकलं असतंस तर हे टळलं असतं. टळलं असतं. पण मग तिला आजोबांचं अक्षर कुठे दिसलं असतं? असं मी आधी ठणकावून म्हणायचे. आता म्हणताना अडखळते.

तरी खोकी विकलेली नाहीत. नातेवाईक शोधणं तेवढं थांबवलंय. छे, तेही खरं नाही, गेल्याच आठवड्यात आणखी एक आडनाव शोधून पाहिलं.

ते पाकीट पीव्हीसीच्या पिशवीतून (पीव्हीसीने कागद खराब होतो) काढून पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवलंय. कधी मागितलं त्या नातीने, तर असावं म्हणून. मागची बाजू खाली करून.