रामपत्री: व्हाळाकाठचं रानटी जायफळ

मसाल्याच्या दुकानात जायपत्रीच्या शेजारच्या बरणीत काळपट तांबूस, लांबट रामपत्री असते. जायपत्रीपेक्षा तिला वास बराच कमी, म्हणून अनेकजण तिला हलक्या प्रतीची जायपत्री समजतात. ती म्हणजे मिरिस्टिका मलबारिका या झाडाच्या बीवरचं आवरण, पत्री. कुळागरातलं, म्हणजे माडा-पोफळींच्या बागायतीतलं, जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. रामपत्री मात्र पश्चिम घाटाची, घाटाबाहेर जगात इतरत्र कुठेही ती आपोआप उगवत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती असुरक्षित वर्गात आहे.

झाड सदाहरित, 20 ते 25 मीटर उंच, साल हिरवट काळी. फांद्या खोडापासून जवळजवळ आडव्या, थराथराने निघतात. दाट रानात मान वर करून पाहिलं की आधी हे थर दिसतात. सालीवर ओरखडा काढला तर पातळ तांबडा रस पाझरतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. तो रस साऱ्या जायफळ कुळाचा आहे. गोव्याच्या रानात याच कुळातली क्नेमा ॲटेन्युएटाही भेटते. तिला तोच रस, तशाच आडव्या फांद्या आणि पानाची मागची बाजूही तशीच पांढुरकी. खरी ओळख फळावर पटते. रामपत्रीचं फळ लांबट, पाच-सात सेंटिमीटरचं, त्यावर पिवळसर मऊ लव. आतली पत्री बुडापर्यंत चिरलेली. क्नेमाचं फळ लहान, लव गंजाच्या रंगाची, पत्री जवळपास अखंड आणि टोकाशीच थोडी फाटलेली.

या झाडाचं सगळं गणित पाण्याचं आहे. जायफळ कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल 1960 साली कृष्णमूर्ती यांनी दक्षिण केरळातल्या त्रावणकोरच्या जंगलातून नोंदवली, आणि 1968 च्या चॅम्पियन व सेठ यांनी केलेल्या भारतातल्या जंगलांच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळाली. गोव्यात अशी दलदल सत्तरी तालुक्यात बांबर गावच्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवराईत आहे. देवाची राय म्हणून तिथे कोयता चालला नाही, म्हणूनच ती टिकली. तिथल्या चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर आलेली मुळं दिसतात. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नसते, म्हणून मूळ वर येतं, त्याच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतं आणि पुन्हा खाली जातं. याच कुळातली जिम्नाक्रँथेरा कॅनारिका आणि मिरिस्टिका मॅग्निफिका ही झाडं बहुतेक दलदलीतच सापडतात. रामपत्रीला दलदल लागतेच असं नाही. बारमाही व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठावर, खोल आणि पालापाचोळ्याच्या मातीतही ती चांगली वाढते.

म्हणून झाड राखायचं तर आधी त्याचा झरा राखावा लागतो. वरच्या अंगाला झऱ्याला पाइप लावून सगळं पाणी बागायतीकडे वळवलं की मार्च ते मे खालची माती कोरडी पडते आणि कोवळी रोपं सर्वांत आधी जातात. उलट बंधारा घालून पाणी वर्षभर तुंबवलं तर गुडघे बुडतात आणि मोठी झाडंही हळूहळू गुदमरतात. रस्त्याच्या कटाईची माती वाहून येऊन मुळांवर बसली तरी तेच होतं. मोठं झाड लगेच पडत नाही, त्यामुळे नुकसान लक्षात यायलाच बराच काळ जातो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच.

नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळ फक्त मादीला. फळ तडकलं की आतली पत्री लांबून दिसते. धनेश आणि डोंगरी कबुतरं बी पत्रीसकट गिळतात, पत्री पचवतात आणि बी दूर टाकतात. झाडाखालीच पडलेलं बी खेकडे आणि उंदीर खातात. पत्रीसाठी कच्ची फळं झोडपली किंवा फांदीच तोडली, तर पत्री पातळ निघते, बी रुजत नाही आणि पुढच्या हंगामाची फांदीही जाते. पत्री घ्यायची असेल तर फळ झाडावर तडकू द्यावं, निम्म्याहून अधिक फळं पाखरांना सोडावीत.

रोप करायचं असेल तर खासगी जागेतल्या झाडाचं बी घ्यावं. अभयारण्यातून काही उचलणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि राईतलं बी राईतच राहू द्यावं. ताजं, तडकलेल्या फळातलं टपोरं बी निवडावं. पत्री त्याच दिवशी काढून बी धुवावं, नाहीतर बुरशी धरते. उन्हात अजिबात वाळवू नये. हे बी सुकलं की मरतं, डब्यात भरून पुढच्या वर्षी पेरणं हा प्रकार इथे नाही. लगेच पेरता आलं नाही तर दमट नारळाच्या भुशात सावलीत ठेवावं, पण दोन-चार दिवसच. वाळूच्या वाफ्यात बी आडवं, दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरावं. वर दाट सावली, खाली निचरा. अंकुर यायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. इतक्यात उकरून पाहण्याचा मोह टाळावा, कारण सोटमूळ आधी खाली जातं आणि ते मोडलं की रोप गेलं. दोन पानं आली की रोप उंच पिशवीत हलवावं. आखूड पिशवीत मूळ तळाशी गुंडाळतं आणि पुढे झाड खुरटतं.

एक-दोन पावसाळे पिशवीत काढलेलं रोप जून-जुलैत लावावं. कुळागर यासाठी उत्तम: माडा-पोफळींची सावली, वर्षभर पाटाचं पाणी, जवळच व्हाळ. खड्डा पाटापासून दोन-तीन हात दूर, थोड्या उंचवट्यावर घ्यावा, कारण लहान रोपाची मुळं तुंबलेल्या पाण्यात कुजतात. पहिले दोन उन्हाळे बुंध्याशी सुक्या पाल्याचं जाड आच्छादन हवंच. झाड नर की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही आणि त्याला बरीच वर्षं लागतात, म्हणून एकटं रोप लावू नये. पाच-सहा मीटरवर निदान सात-आठ रोपं असावीत. त्यातले नर जास्त निघाले तर त्यांच्यावर मादी झाडाच्या काडीचं कलम करता येतं. काडी वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्यावी. आडव्या फांदीची काडी लावली तर कलम आयुष्यभर आडवंच पसरतं.