मामांचा गहू आणि माझी गरम पाकिटं

चेंबूरला राहतो, आरसीएफ या खत कारखान्याच्या चिमण्या रोज दिसतात, म्हणजे खताच्या सावलीतच वाढलो म्हणा ना, पण गव्हाला युरिया कधी आणि किती हे कळलं ते मागच्या नोव्हेंबरात निफाडला मामांकडे पेरणीला गेलो तेव्हा.

मी हौसेने नाशिकहून जिवाणूंच्या कल्चरची, म्हणजे हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरणाऱ्या अ‍ॅझोटोबॅक्टर आणि जमिनीतलं स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या पीएसबीची पाकिटं घेतली (किलोभर बियाण्याला 25-25 ग्रॅम, म्हणजे एकराच्या 40 किलोला 250 ग्रॅमची चार-चार), गाडीत पुढच्या काचेपाशी टाकली आणि मिसळ खायला थांबलो. मामांनी पाकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "अरे, हे तर तापलंय! यात जीव असतो बाबा, भांड्याची पावडर आहे का ही?" नवी आणावी लागली. मग गुळाचं पाणी उकळून पार गार करून त्यात कल्चर कालवलं, थायरम हे बुरशीनाशक आधीच चोळून ठेवलेल्या बियाण्याला हलक्या हाताने लावलं, सावलीत सुकवलं आणि त्याच दिवशी पेरलं.

मला वाटलेलं आता युरियाला सुट्टी. तसं नसतं. हरभऱ्यात रायझोबियम नावाच्या जिवाणूला मुळांवर गाठींचं घर मिळतं, गव्हात तसं काही नाही, अ‍ॅझोटोबॅक्टरसारखे जिवाणू मुळांच्या आसपास राहून थोडं नत्र देतात आणि मुळं जास्त फुटायला मदत करतात, एवढंच. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र सांगतात, एकराला 48, सगळं युरियातून दिलं तर 104 किलो, दोन गोण्यांहून जास्तच. त्यातलं अर्धं पेरताना, अर्धं साधारण 21 दिवसांनी पहिल्या पाण्याला, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाची मुळं) फुटतात तेव्हा. शेजारचे एकदम सगळं फेकतात, त्यातलं बरंच पाण्याबरोबर खाली जातं नाहीतर अमोनिया होऊन उडतं, शिवाय तयार नत्र भरपूर मिळालं की जिवाणू हवेतलं नत्र धरायचं काम थांबवतात. आयतं मिळाल्यावर कोण राबेल, आपण तरी राबतो का!

मी हट्टाने एक पट्टा बिनकल्चरचा ठेवायला लावला होता. जानेवारीत दोन्हीकडची रोपं उपटून बघितली, उंची सारखीच, पण कल्चरवाल्याची मुळं जरा दाट वाटली, निदान मला तरी. मामा नुसतेच हसले. उत्पन्न मोजणार होतो तर हार्वेस्टरवाल्याने दोन्ही पट्टे एकाच ट्रॉलीत ओतले. त्यातला 30 किलो गहू घरी आलाय, पोळ्या मस्त होतात, कुठल्या पट्ट्यातल्या ते विचारू नका.