येरळवाडीचे करकोचे आणि ‘फ्लाइट शॉट’

सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडी तलावाच्या पाण्यात उभा असलेला करकोच्यांचा थवा आमच्याच सहलीतल्या माणसांनी मुद्दाम उठवला, आणि तोही सहल नेणाऱ्याच्या संमतीने. माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

सहल साताऱ्याहून होती. दिवाळी होऊन गेलेली, पहाटे चारला निघायचं, खटाव तालुक्यातले पाणवठे बघायचे, नाश्ता-जेवण धरून माणशी १८०० रुपये. जाहिरातीत ‘मंगोलियाहून येणारे पाहुणे’ असं ठळक छापलं होतं. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगावचा चहा, वडूज हे सगळं अंधारातच मागे पडलं. गाडीत निम्मे लोक माझ्यासारखे दुर्बीणवाले आणि निम्मे मोठमोठ्या लेन्सवाले. लेन्सवाल्यांच्या बॅगांना बसायला जागा होती, एका आजोबांना मात्र शेवटपर्यंत पाय मोकळे करता आले नाहीत.

वाट दाखवायला वडूजकडचाच एक तरुण घेतला होता. त्या दिवसात जे काही चांगलं मिळालं ते त्याच्यामुळे. गाडी लांबच थांबवून त्याने आम्हाला बाभळींच्या आडोशाने नेलं आणि बांधामागे खाली बसवलं. “आता कुणी उभं ऱ्हायचं न्हाय. बोलायचं बी न्हाय. उजाडंपर्यंत नुसतं ऐका.”

आणि खरंच, आधी आवाज आला. घशाच्या तळातून निघणारा, खरखरीत, लांबवर पोचणारा ‘कुर्रर्र’. एकाने दिला की दुसरा उत्तर देई. मग पूर्वेला फटफटलं आणि पाण्यात राखाडी आकार दिसायला लागले. साठेक असावेत. करकोचे रात्री असे उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कोल्हा, लांडगा किंवा भटकं कुत्रं आलं तर पाण्याचा आवाज होतो आणि थवा सावध होतो.

खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलुख. इथल्या तलावांचे काठ उताराचे, पाणी ओसरलं की मोठाच्या मोठा चिखलाचा पट्टा उघडा पडतो, आणि पक्ष्यांना हवा असतो तो नेमका तोच पट्टा. रोहित (फ्लेमिंगो) येतात, पट्टकादंब ही रानहंसं येतात ते त्याच्यासाठी. मायणी, येरळवाडी आणि आसपासचे तलाव मिळून २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं आहे. तरी काठावर ‘इथून पुढे जाऊ नका’ असं सांगणारं कुणी मला दिसलं नाही.

उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर आली तेव्हा त्या तरुणाने स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावून दिला आणि मला आधी बघायला बोलावलं. हा कांड्या करकोचा, इंग्रजी पुस्तकांतली डेमोझेल क्रेन. जगातल्या क्रौंचांमध्ये, म्हणजे क्रेन कुळातल्या पक्ष्यांमध्ये, सगळ्यात लहान, तरी उंची जवळजवळ ९० सेंटिमीटर. अंग राखाडी, मान आणि छाती काळी, आणि छातीवरची काळी पिसं खाली लोंबत आलेली. डोळा तांबडाभडक. डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा वाऱ्याने सारखा मानेवर येत होता आणि तो पक्षी डोकं झटकून तो मागे सारत होता. हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते.

मग त्याने स्कोप थोडा डावीकडे फिरवला. “तिघं बघा. मधलं पिल्लू हाय.”

दोन मोठ्यांच्या मध्ये एक फिकट पक्षी. मानेचा काळा अजून नीट भरलेला नाही, तुरा आखूड, डोकं राखाडी. आणि त्याचा आवाज! मोठ्यांच्या त्या ‘कुर्रर्र’मध्ये एक बारीक शीळ सारखी ऐकू येत होती, ती याची. क्रौंचांच्या पिल्लांचा आवाज पहिले काही महिने असा पातळच असतो. ते आई-बापांच्या पावलावर पाऊल टाकून चाललं होतं. एकाने चोच पाण्यात घातली की हेही घाले.

मी मनातल्या मनात हिशेब मांडत बसले. हे तिकडच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मंगोलिया किंवा मध्य आशियाच्या गवताळ माळावर अंड्यातून बाहेर आलं असणार. म्हणजे वय पाच-सहा महिने. एवढ्यात ते उडायला शिकलं, तिबेटचं पठार पार केलं, पाच हजार मीटरांहून उंचावरून हिमालय ओलांडला. नेपाळातल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून यांचे थवे उतरतात तेव्हा सोनेरी गरुड त्यांच्यावर टपलेले असतात, आणि ते बहुतेक पिल्लांवरच झेपावतात. एवढ्यातून वाचून हे खटाव तालुक्यात आलं होतं आणि घोटाभर पाण्यात उभं राहून पंख साफ करत होतं. मला भरून आलं. शेजारच्या आजोबांनी न बोलता रुमाल पुढे केला, त्यांचेही डोळे ओलेच होते.

तरुण म्हणाला, “आठाच्या आसपास ह्ये आपणहून उठत्यात. भुईमूग काढल्याली रानं आपल्या पाठीमागं हायेत, शेंगा येचायला तिकडंच जात्यात. समदा थवा आपल्या डोक्यावरनं जाईल.”

तेव्हा साडेसात वाजत होते.

लेन्सवाल्यांपैकी तिघांना तेवढाही धीर नव्हता. ऊन असं सोनेरी राहत नाही, त्यांना आत्ताच ‘फ्लाइट शॉट’, म्हणजे उडत्या पक्ष्यांचा फोटो, हवा होता. त्यांनी सहल नेणाऱ्याला विचारलं, तो घड्याळ बघून म्हणाला, “पाच मिनिटांत उरका, मायणीला उशीर होतोय.” तरुण उठून मध्ये गेला, “सर, थांबा की अर्धा तास,” असं दोनदा म्हणाला. त्याला बाजूला करून ते तिघे बांधावरून खाली उतरले आणि सरळ चिखलातून चालू लागले. थवा माना वर करून उभा राहिला. तेवढ्यात एकाने टाळ्या वाजवल्या.

करकोचा जड पक्षी. त्याला उडायला आधी धावावं लागतं. साठ पक्षी एकदम धावले, पाण्याचा नुसता भडका उडाला. एरवी हे पक्षी ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या गरम हवेवर पंख न हलवता तरंगतात, म्हणूनच तर एवढा लांबचा पल्ला त्यांना झेपतो. सकाळी साडेसातला ती हवा नसते. पंख मारत, अंगातली ताकद जाळतच वर जावं लागतं. आठवडाभरापूर्वी आलेल्या, अजून अंग न भरलेल्या पक्ष्यांकडून आम्ही ती ताकद काढून घेतली. थव्याचे दोन भाग झाले. मोठा भाग दक्षिणेला गेला, मागे राहिलेल्या दहा-बारांतून ती बारीक शीळ ऐकू येत होती. दोन पक्षी उलटे फिरून आले, एक घिरटी घातली, मग सगळेच झाडांपलीकडे गेले. पिल्लू आई-बापांना मिळालं की नाही ते मला दिसलं नाही. थवा काही त्या पाण्यावर परत आला नाही.

शेळ्या घेऊन एक आजी तिकडूनच येत होत्या. त्या थांबून म्हणाल्या, “कशापायी उठीवलं वं त्यास्नी?” कुणी उत्तर दिलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हरबरा उगावला की मी बी हुसकती, पीक जातंय माझं. पर आत्ता रान मोकळं हाय. आत्ता काय खायाचं ती खाऊं द्यात की.” पीक ज्यांचं जातं त्यांना कधी हुसकायचं आणि कधी नाही हे नेमकं कळतं. आमच्यातल्या तिघांनी हुसकलं ते पडद्यावरच्या एका चित्रासाठी.

गाडीत मी सहल नेणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, लोक फोटोसाठीच पैसे भरतात.” हे मला सर्वांत जास्त लागलं. लोक म्हणजे कोण? गाडीतल्या निम्म्यांकडे कॅमेराच नव्हता. आणि थांबलो असतो तर त्या तिघांनाही उडणारा थवा मिळणारच होता, तोही डोक्यावरून जाणारा, न घाबरलेला.

मायणीला चक्रवाक बदकं आणि लांब पायांचे शेकाटे दिसले, दुपारी एका घरी वाघ्या घेवड्याची उसळ आणि बाजरीची भाकरी फार प्रेमाने वाढली, संध्याकाळी साताऱ्यात परत. बाकी दिवसाचं माझ्या लक्षात एवढंच आहे.

अशा सहलीला पैसे भरण्याआधी एवढं नक्की विचारा: कुणी मुद्दाम पक्षी उठवला तर तुम्ही त्या माणसाला गाडीतच बसवून ठेवता का? उत्तर द्यायला वेळ लागला तर पैसे भरू नका. मी या लोकांना पत्र लिहून हा नियम घालायला सांगितलं आहे, पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. वाट दाखवणाऱ्या त्या तरुणाला मात्र फोन केला. तो म्हणाला, थवा आता पलीकडच्या काठाला बसतो, पण येतो. पुसेगावची यात्रा उरकली की त्या आजोबांना आणि मला घेऊन जायचं त्याने कबूल केलंय. फक्त दुर्बिणी न्यायच्या, आणि थवा आपणहून उठेपर्यंत बांधामागून हलायचं नाही, ही त्याची अट आहे.