हाँगकाँगच्या सिटी हॉलमधलं डिमसम

"डिमसम खायचं तर रविवारीच जायचं," असं मैत्रिणीनं मला मुंबईतून निघण्याआधीच बजावलं होतं. डिमसम म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे छोटे चिनी पदार्थ. "रांग असते, कलकलाट असतो, पण आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं तेव्हाच येतात." ती बरीच वर्षं हाँगकाँगच्या कौलून भागात राहते, त्यामुळे वाद घालायचा प्रश्नच नव्हता.

कौलूनमधल्या चिम शा चुईच्या धक्क्यावरून आम्ही स्टार फेरीने, म्हणजे बंदर ओलांडणाऱ्या बोटीने, निघालो. मेट्रो जास्त सोयीची आहे, तरी पाहुण्यांनी फेरीच घ्यावी. ही सेवा 1888 मध्ये कंपनी काढून सुरू केली ती मुंबईहून आलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी. 'स्टार फेरी' हे नाव 1898 मधलं. बाकांच्या पाठी पुढेमागे ढकलता येतात, त्यामुळे बोट कुठल्याही दिशेला निघाली तरी तोंड समोर करून बसता येतं. नीट बसेपर्यंत समोरच्या काठावरचं सेंट्रल आलंच.

आम्हाला जायचं होतं ते डिमसमचं रेस्टॉरंट, मॅक्सिम्स पॅलेस, सिटी हॉलच्या बुटक्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. सिटी हॉल 1962 मध्ये सुरू झाला तेव्हा तो पाण्याला अगदी लागून होता. पुढे भराव पडत गेले आणि किनारा लांब सरकला. आम्ही नंबराचं तिकीट घेऊन ताटकळलो. आत मंगल कार्यालयाएवढा हॉल, वर झुंबरं, आणि टेबलांच्या मधून ट्रॉल्या ढकलत फिरणाऱ्या मावश्या. मावश्या हे माझं नाव, पण त्यांचा एकूण दरारा बघता दुसरं सुचेना.

पंगतीला चौघं होतो. मी, मैत्रीण (पक्की शाकाहारी), तिचा नवरा (अजिबात नाही) आणि तिच्या ऑफिसातली एक सहकारी, जन्माने हाँगकाँगची. ही बाई नसती तर आमचं काही खरं नव्हतं. बसल्या बसल्या तिने आधी चहा सांगितला, पु-एर. काळपट, मातकट वासाचा, बिनदुधाचा. पहिल्या वाफाळत्या चहाने तिने सगळ्यांच्या वाट्या, कप आणि काड्या विसळून घेतल्या. दुसऱ्याने कपात चहा ओतला की आभार म्हणून दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची. चीनचा छिएनलुंग बादशहा वेष पालटून हिंडत असताना त्याने आपल्या सेवकांना चहा ओतून दिला. गुडघे टेकले असते तर बिंग फुटलं असतं, म्हणून त्यांनी बोटं वाकवून मुजरा केला, अशी दंतकथा आहे. बोलणं न तोडता आभार मानता येतात, म्हणून मला ही रीत फार आवडली. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, पाणी आपोआप येतं.

मग ट्रॉल्या. मावशी पदार्थांची नावं पुकारत येते, आपण झाकण उचलायला सांगायचं, हवं ते घ्यायचं, आणि ती आपल्या कार्डावर शिक्का मारून पुढे जाते. लहान, मध्यम, मोठा, खास अशा रकाने पाडलेल्या किमती.

पहिलं आलं हार गाव, म्हणजे कोळंबीचं डंपलिंग. बांबूच्या गोल टोपलीत, गुलाबी सारण आरपार दिसेल इतक्या पातळ पारीचं. ही पारी गव्हाच्या सत्त्वाची असते. त्यातला चिवट भाग धुऊन काढलेला असतो. पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात आणि तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याखाली दाबून गोल पारी करतात. मग एका बाजूने चुण्या. जाणकार म्हणे चुण्या मोजतात. सात तरी हव्यात, दहाच्या वर असल्या तर आचारी कसलेला. मी लगेच मोजायला लागले. उकडीच्या मोदकाच्या कळ्यांवरून सुनांची परीक्षा घेणाऱ्या घरातली मी, मला हे शिकवायला नको! पारी न फाटता काड्यांनी उचलता आली पाहिजे, ही दुसरी परीक्षा. आचारी पास झाला.

सिउ माय (वरून उघडे, मांसाचे डंपलिंग), डुकराच्या मांसाचे गोड बन हे सगळं छानच. पण गंमत आली ती कोंबडीच्या पायांत. आधी तळतात, मग पाण्यात घालून कातडी फुगवतात, मग शिजवून काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवतात. तोंडात घालायचं, चोखायचं आणि बारीक हाडं ताटलीत काढायची. शेजारच्या टेबलावरची आजी हे इतक्या सफाईने करत होती की मी बघतच राहिले.

मैत्रिणीचे मात्र हाल. मुळ्याची वडी म्हणून जी आली तिच्यात सुकी कोळंबी आणि सॉसेज. कमळाच्या पानात बांधलेल्या चिकट भातात कोंबडी. पालेभाजीवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. सहकारी प्रत्येक ट्रॉली अडवून मावशीची उलटतपासणी घेत होती, आणि शेवटी भाज्यांचे डंपलिंग, बिनसॉसची भाजी आणि चहा एवढ्यावर निभावलं.

नवऱ्याची तक्रार वेगळी. "अगं, ट्रॉली फिरत फिरत येईपर्यंत वाफ गेलेली असते. दुसरीकडे पदार्थांच्या यादीच्या कागदावर खुणा करून द्या, ताजं उकडून आणतात." यात खोटं काही नाही. तांदळाच्या पातळ गुंडाळ्या, चेउंग फन, आमच्यापर्यंत आल्या तेव्हा जरा ताठरल्याच होत्या. हाँगकाँगमधली बहुतेक दुकानं आता कागदावरच चालतात. ट्रॉलीला रुंद वाटा लागतात आणि ढकलायला माणसं, आणि इथे दोन्ही महाग. तरी माझं मत ट्रॉलीलाच. कागदावर आपण ओळखीचंच मागवतो. कोंबडीच्या पायांवर मी जन्मात खूण केली नसती. झाकण उघडलं, वास आला, म्हणून घेतले.

बिलावरून व्हायची ती झटापट झाली. सहकारी मधेच हात धुवायला म्हणून उठली होती, तेव्हाच पैसे देऊन आली होती. आम्ही रागावलो, ती हसली. मग परतफेड म्हणून पुढचं जेवण आमच्याकडून, शाम शुई पो भागातल्या टिम हो वान या डिमसमच्या दुकानात, असं ठरलं. 2009 मध्ये मोंग कोकच्या एवढ्याशा जागेत सुरू झालेल्या या दुकानाला लगेच मिशलिन या रेस्टॉरंटांच्या नामांकित मार्गदर्शिकेचा तारा मिळाला होता. तिथे सगळं कागदावर. नवरोबा खूश.

"तिथे मला खायला काय आहे ते आधी विचार," मैत्रीण म्हणाली.