याकुशिमानमचं चौथं वर्ष: नऊ गुच्छ

माझ्या याकुशिमानमला, म्हणजे रोडोडेंड्रॉन या फुलझुडपाच्या एका बुटक्या प्रकाराला, या वर्षी फुलांचे नऊ गुच्छ आले. गेल्या वर्षी दोन होते, त्याआधी एकही नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात कळ्या गडद गुलाबी होत्या. उमलता उमलता त्या फिकट होत गेल्या आणि दहा दिवसांत झुडूप पांढरंशुभ्र झालं. मधले चार दिवस एकाच गुच्छात गुलाबी, फिकट गुलाबी आणि पांढरा असे तिन्ही रंग एकदम दिसतात. त्या दिवसांत मी बागेतलं दुसरं कुठलंच काम केलं नाही.

रोप ‘कोइचिरो वाडा’ या वाणाचं आहे. मूळ झाड जपानच्या दक्षिणेकडच्या याकुशिमा बेटावरचं, डोंगरमाथ्यावर वाढणारं. वाणाला ज्यांचं नाव आहे त्या जपानी रोपवाटिकाचालक वाडा यांनी १९३४ मध्ये दोन रोपं इंग्लंडला, एक्सबरीच्या बागेत पाठवली. १९४७ च्या लंडनमधल्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात या झाडाला प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं आणि मग छोट्या बागांसाठी रोडोडेंड्रॉनचे कितीतरी बुटके संकर त्याच्यापासूनच तयार झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याला डेग्रोनियानम या दुसऱ्या रोडोडेंड्रॉनची उपजात मानतात, पण आपण सगळे ‘याक’च म्हणतो.

याकुशिमा बेट ग्रॅनाइटचं आहे आणि तिथे पाऊस अफाट पडतो, हे मी सुरुवातीलाच नीट मनावर घ्यायला हवं होतं. माती आम्लधर्मी, पाणी भरपूर, पण साचून राहत नाही. या झाडाला काय लागतं ते सगळं यात आलं.

पहिल्या वर्षी मी ते लावलं नेहमीच्या झुडपासारखं: खोल खड्डा, तळाशी भरपूर कंपोस्ट, वरून माती दाबून. एक दिवसाआड पाणी. जुलैत पानं लोंबायला लागली. पाणी वाढवलं, तर आणखी लोंबली. शेवटी खणून काढलं. आजूबाजूची माती हाताला गार आणि ओली लागत होती, पण मुळांचा गोळा हातात घेतला तर कापसासारखा हलका. आतलं पीट (कुंडीत मातीऐवजी भरतात तो दलदलीतला कुजका पाला) एकदा पूर्ण सुकलं की पाणी शोषतच नाही, ते बाजूने निघून जातं. मुळं अजून कुंडीच्या आकारातच गोल फिरत होती. केसासारखी बारीक मुळं, त्यातलं एकही बाहेरच्या मातीत शिरलेलं नव्हतं.

तो गोळा बादलीत बुडवला. बुडबुडे थांबायला पाऊण तास लागला, तरी संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. मग सुरीने चार बाजूंनी उभ्या चिरा दिल्या आणि बोटांनी मुळं हळूहळू मोकळी केली. या वेळी खड्डा उथळ ठेवला, वीतभरच खोल, पण मीटरभर रुंद. मातीत पानकुजीचं खत आणि पाइनच्या सालीचा बारीक चुरा मिसळला. गोळ्याचा माथा जमिनीच्या दोन बोटं वर राहील असं लावलं आणि वर सालीचं आच्छादन घातलं, खोडाला न टेकवता. रोडोडेंड्रॉनची मुळं वरच्या थरातच पसरतात. खोल लावलं की ती गुदमरतात, आणि भोवती खुरपं चालवलं की तुटतात. त्या दिवसापासून तिथलं तण मी हातानेच उपटतो.

दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मातीचा सामू (pH; जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) मोजला तर ६.८. नळाचं पाणी जड, म्हणजे चुना असलेलं, आहे आणि मी वर्षभर तेच घालत होतो. चुन्यामुळे सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. तेव्हापासून फक्त पावसाचं साठवलेलं पाणी घालतो. गंधकाची भुकटीही थोडी थोडी दोनदा दिली. गंधकाचा परिणाम दिसायला महिने लागतात, तेवढा धीर धरायलाच हवा. या मार्चमध्ये सामू ५.४ आला. पिवळी पडलेली जुनी पानं पूर्ण सुधारली नाहीत, पण नवी सगळी गर्द हिरवी आली.

गेल्या हिवाळ्यात कडाका पडला तेव्हा पानं खाली झुकून विड्यांसारखी लांबट गुंडाळली गेली. पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. थंडी उतरली की दुपारपर्यंत ती पुन्हा पसरतात.

यंदाचे नऊ गुच्छ कशामुळे, याबद्दल माझं मत पक्कं झालंय. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात (इकडे जुलै-ऑगस्ट) धरतात. पहिली दोन वर्षं फुलांचा हंगाम संपला की माझं लक्ष दुसरीकडे जायचं आणि ऑगस्टमध्ये झाड कोरडं पडायचं. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एकदाही आच्छादनाखालची माती सुकू दिली नाही. खत मात्र वाढवलेलं नाही. वसंतात एकदाच, तेही मोजकं.

सुकलेले गुच्छ परवा काढले. कात्री वापरू नका. देठ अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवला की कट्‌कन तुटतो. बोटं चिकट होतात. देठाच्या अगदी बुडाशी नवे कोंब असतात, गव्हाच्या दाण्याएवढे, त्यांना धक्का लागता कामा नये.

आणि आता नवी पालवी. माझ्या दृष्टीने फुलांपेक्षाही हीच खरी मजा. पानं मेणबत्त्यांसारखी उभी फुटतात, दोन्ही बाजूंनी चंदेरी लव अंगावर घेऊन. वरची लव पावसा-वाऱ्याने हळूहळू झडते आणि खालून चकचकीत हिरवा रंग निघतो. पानाच्या पाठीवरची मात्र राहते, ती दाट होऊन उंटाच्या रंगाची होते आणि लोकरीच्या कापडासारखी लागते. वरची लव धूळ समजून पुसू नका.

दोन पानांच्या कडा अर्धगोल कुरतडलेल्या दिसल्या. हे व्हाइन वीव्हिल या भुंगेऱ्याचं काम. पानांचं नुकसान किरकोळ असतं, पण त्याच्या अळ्या मुळं खातात. रात्री टॉर्च घेऊन तीन भुंगेरे वेचले, उन्हाळा सरता सरता मातीत अळ्या मारणारे सूत्रकृमी सोडणार आहे. घरात झाडं चघळणारा कुत्रा किंवा शेळी असेल तर झाडाला कुंपण घाला, पानं विषारी आहेत.

उंची आता ४५ सेंटीमीटर, घेर ६० च्या पुढे. लावलं तेव्हा उंची ३० होती. मागच्या शरदात जमिनीलगतच्या एका फांदीची साल खालून थोडी खरवडून ती दाबकलमासाठी पानकुजीत पुरली आणि वर दगड ठेवला. शेंड्यावर या आठवड्यात पाच नवी पानं फुटली आहेत. मुळं धरायला दोन वर्षंही लागतात, त्यामुळे दगड अजून हलवलेला नाही.