पोस्टर दोन दिवसांत, छपाई चार दिवसांत

पोस्टरसाठी विहिरीच्या पाण्याचे नमुने गोळा करणं, टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रावण सोडून पाण्याचा कठीणपणा मोजणं), आकडेमोड, मजकूर, यातलं काहीच अडलं नाही, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. अडलं ते छपाईच्या दुकानात, आणि तो राग अजून उतरलेला नाही. बी.एस्सी.च्या संशोधन मेळाव्यासाठी पोस्टर करायला घेतलं की सगळं लक्ष मजकुरावर असतं. पोस्टर बिघडतं ते पेन ड्राइव्ह दुकानदाराच्या हातात गेल्यावर.

विषय होता बेळगावच्या आसपासच्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे ज्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते पाणी. आकार ए झिरो, उभा. शीर्षक इंग्रजीत आणि कन्नडमध्ये हवं होतं. खालची मराठी ओळ आम्ही आमच्या हौसेनं घातली, कारण ज्यांच्या विहिरीचं पाणी नेलं ते मराठी वाचणारे. एका कागदावर तीन लिप्या आल्या, आणि गोम इथंच होती.

दुकानातला मुलगा पीडीएफ उघडतो ती कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याला दुरुस्त्या करायची सवय असते, त्यामुळे मजकूर 'मजकूर' म्हणूनच आत घेतो. झालं. 'विहिरी'तल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या आधी असायच्या त्या अक्षरानंतर जाऊन पडल्या. कन्नड 'जिल्ले'मधला दुसरा ल पहिल्याच्या खाली ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खालचं अक्षर) होऊन बसायचा, तो शेजारी येऊन उभा राहिला. कॅल्शियम कार्बोनेटच्या सूत्रातला खालचा 3 सरळ ओळीत आला. वर उत्तर काय, तर "फॉन्ट नाही वो आमच्याकडं, नुडीत परत टाईप करून द्या की." नुडी म्हणजे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर. परत टाईप केलं की जुन्या चुका जातात आणि नव्या येतात, आणि कन्नड न येणाऱ्याला त्या दिसतही नाहीत.

कारण समजून घेतलं तर दुकानदाराशी बोलणं सोपं जातं. आपल्या लिप्यांत अक्षरं ज्या क्रमानं टाईप होतात त्या क्रमानं दिसत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाईप होते आणि दिसते आधी. ही मांडामांड फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. सॉफ्टवेअर जुनं असेल किंवा तो फॉन्ट त्या संगणकावर नसेल, तर मांडामांड होतच नाही. म्हणून मजकूर मजकूर म्हणून पाठवायचाच नाही, आकार म्हणून पाठवायचा. पीडीएफ आत घेताना कोरल स्वतःच विचारतं की मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घेऊ की 'कर्व्ह' म्हणून. शेजारी उभं राहून 'कर्व्ह'वर टिचकी मारायला लावा. त्याआधी घरी पीडीएफ रीडरमध्ये कंट्रोल डी दाबून फॉन्टची यादी बघा. प्रत्येक नावापुढं 'एम्बेडेड' असलं पाहिजे. एकापुढं जरी नसलं तरी पाठवू नका. सर्वांत बिनधोक म्हणजे इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा मजकूर निवडून त्याचं 'पाथ'मध्ये रूपांतर करून ठेवणं. मात्र मूळ प्रत वेगळी जपा, पाथ झाल्यावर एक काना सुधारायचा म्हटलं तरी सुधारत नाही.

फॉन्टची भानगड मिटली तेव्हा रंगाची सुरू झाली. एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घातलेल्या, पीएच 10 च्या पाण्यात ई.डी.टी.ए.चं द्रावण (ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं) सोडत गेलं की वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा येतो. आमच्या पोस्टरचा मुख्य फोटो तोच: शेजारी शेजारी दोन शंकूपात्रं, एक लाल, एक निळं. छापून आलं तेव्हा निळं जांभळं झालं होतं, म्हणजे टायट्रेशन अर्ध्यावर सोडल्यासारखं. पडदा लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, मशीन चार शाया वापरतं, आणि पडद्यावरचा गडद निळा त्या शायांत बसतच नाही. निळसर सायन आणि गुलाबीसर मॅजेंटा या शाया जवळजवळ सारख्या पडल्या की निळ्याचं जांभळं होतं. चौकटी, रेघा, आलेखातले खांब यांच्यासाठी उपाय सोपा आहे: मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्के कमी ठेवा. फोटोचा रंग मात्र ओढूनताणून बदलू नये, तो पुरावा आहे. प्रत्येक पात्राखाली 'आधी: लाल', 'अंत्यबिंदू: निळा' असं ठळक लिहिलं की काम भागतं. आणि पूर्ण पोस्टर छापण्याआधी, त्याच मशीनवर, त्याच कागदावर, फोटो आणि शीर्षक असलेली ए फोर एवढी पट्टी मूळ आकारात काढून मागा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

तिसरी गंमत फुटांची. मेळाव्याची नियमावली मिलिमीटरमध्ये बोलते आणि दुकान फुटांत. ए झिरो म्हणजे 841 बाय 1189, तर तीन बाय चार फूट म्हणजे 914 बाय 1219. 'बसवून देतो' म्हणत त्यानं ताणलं, तर रुंदी जवळजवळ 9 टक्के वाढते आणि उंची अडीच टक्के. शंकूपात्रं पोट सुटल्यासारखी दिसायला लागतात. शंभर टक्क्यांवर छापा, कडेचा कोरा भाग कापा, एवढंच सांगायचं.

हे सगळं ज्या दुकानात आपोआप सुटलं ते फ्लेक्सचं नव्हतंच. इंजिनिअर, आर्किटेक्ट लोक नकाशे काढून घेतात ते प्लॉटरवालं दुकान. तिथला रोल 36 इंचाचा असतो, ए झिरो त्यात आरामात बसतो, आणि मशीन पीडीएफ जशीच्या तशी घेतं, मध्ये कोरल नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! नकाशाचा पातळ कागद घेऊ नका, शाईनं सुरकुततो. 120 ते 180 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) मॅट कागद मागा आणि पार्श्वभूमी पांढरी ठेवा. तसंही कर्नाटकात 2016 च्या अधिसूचनेनं प्लास्टिक फ्लेक्सला बंदी आहे, आणि चमकत्या फ्लेक्सवर दिव्याची तिरीप पडली की आलेख वाचता येत नाही.

आता राहिलेलं, आठवेल तसं. पॉवरपॉइंटमध्ये पानाचा आकार पहिल्यांदाच 84.1 बाय 118.9 सेंटीमीटर करा. नेहमीच्या स्लाइडवर करून नंतर मोठं केलं की साडेतीन पट ताणलं जातं, आणि इंचाला 220 बिंदूंचा फोटो 63 वर येतो. फोटो छापील आकारात इंचाला 150 बिंदू तरी हवा, म्हणजे 20 सेंटीमीटर रुंद फोटोला साधारण 1200 पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो चेपतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अक्षर: शीर्षक 90 पॉइंट, मथळे 44, मजकूर 28 च्या खाली नाही. मराठी-कन्नड ओळींना इंग्रजीपेक्षा जास्त अंतर द्या, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत अडकतात. एक्सेलच्या आलेखातले आकडे मुळात बारीक असतात, ते 24 पर्यंत वाढवा आणि स्क्रीनशॉट चिकटवू नका. विहिरींचा लांबलचक तक्ता कुणी वाचत नाही. खांबांचा एकच आलेख द्या आणि त्यावर आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या दोन आडव्या रेघा मारा: लिटरला 200 मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600. परीक्षकांची नजर आधी तिथंच जाते. सूत्र एकच पुरे: 50 मिली नमुना आणि 0.01 मोलर ई.डी.टी.ए. असेल तर कठीणपणा (लिटरला मिलिग्रॅम) म्हणजे ब्युरेटचं वाचन (मिली) गुणिले 20. हे 20 कुठून आलं ते मात्र तोंडपाठ हवं. एक मिली द्रावण म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, आणि नमुना लिटरचा विसावा भाग. हा प्रश्न इंग्रजीतही येतो आणि कन्नडमध्येही. कन्नडमध्ये कठीण पाण्याला 'गडसु नीरु' म्हणतात, एवढा शब्द तरी जवळ ठेवा.

कागदाची घडी घालायची नाही. शहापूर-वडगाव भागात कापडाच्या दुकानात ताग्याच्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असतात, मागितली तर देतात. छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे बोर्डावर लावल्यावर कडा भिंतीकडं वळतात. नळीची दोन्ही तोंडं प्लास्टिकनं बांधा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि नळीवर मोठ्या अक्षरात नाव आणि कॉलेज लिहा. खानापूरच्या बसमध्ये वरच्या फळीवर ठेवलेली नळी उतरताना कुणाच्याच लक्षात राहत नाही.