तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांचे पुतळे बघायला मी का जाते

‘इंग्रजांचे पुतळे बघायला कशाला जाता? आपले कमी पडले का?’ हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलं गेलंय, बँकेतल्या निरोप समारंभात विचारलं गेलंय, आणि गेल्या महिन्यात भाच्याने त्याच्या मित्रांसमोर विचारलं. दर वेळी मी विषय बदलते. आता मात्र सांगूनच टाकते.

पहिली गोष्ट, मी फक्त इंग्रजांचे पुतळे बघत नाही. फोर्टात मिंट रोडला रतनसी मुळजींचं कारंजं आहे, १८९४चं. त्याच्या माथ्यावर एक मुलगा पुस्तक वाचत बसलाय. कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या गेलेल्या मुलासाठी ते बांधलं, आराखडा व्हीटी स्टेशन बांधणाऱ्या स्टीव्हन्सचा. त्या मुलाकडे बघून कुणी मला राजनिष्ठ म्हणालं तर मला खरंच वाईट वाटेल. भायखळ्याला खडा पारशी, म्हणजे एका पारशी गृहस्थाचा उभा पुतळा, दोन उड्डाणपुलांच्या मध्ये अडकून उभा आहे. त्याच्यासाठी मी बसमधून उतरून चालत जाते. न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळा गणपतराव म्हात्र्यांचा, आणि अहमदाबादसाठी व्हिक्टोरिया राणी घडवली तीही त्याच म्हात्र्यांनी. आता त्यातला एक हात आपला आणि दुसरा परका, असं कसं म्हणायचं?

पण हे सगळं सांगून मी तुमचा प्रश्न चुकवतेय. कारण राणीच्या बागेतही मी जाते, आणि तिथे वारंवार जाते.

१९६५ मध्ये रस्त्यांवरून उचललेले साहेबांचे पुतळे तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवले आहेत. खरा काळा घोडा तिथेच आहे. अल्बर्ट ससूनने पैसे दिले, बोहम नावाच्या शिल्पकाराने घडवला, १८७९ मध्ये बसवला. वर बसलाय तो युवराज एडवर्ड. मुंबईने नाव लक्षात ठेवलं ते घोड्याचं. घोडा हलवला तरी चौकाचं नाव हललं नाही, आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला तो स्वाराशिवाय. मला हे फार आवडतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली संगमरवरी व्हिक्टोरियाही तिथेच आहे, मॅथ्यू नोबलच्या हातची, आता नाक तुटलेली. तिच्या वस्त्राची नाजूक कोर मी कितीदा बघितली असेन! दगडाला इतकं मऊ करता येतं हे मला तिथे कळलं.

दहा वर्षांपूर्वी मी सगळ्यांना बजावून सांगत असे की पुतळ्याखालचं नाव वाचूच नये, नुसतं शिल्प बघावं. तेव्हा मला ते फार मोठं वाटायचं.

मग २०१९ आलं. फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती झाली, तिच्यावरचे रंगाचे थर निघाले, आतला दगड दिसायला लागला. मी एका रविवारी सकाळी आत्याला टॅक्सीत घालून घेऊन गेले. आत्या तेव्हा ८१ वर्षांची, सगळा जन्म गिरगावातल्या चाळीत गेलेला. मला वाटलं, तिला आवडेल. रस्ता मोकळा होता. मी सुरू केलं: हे कारंजं १८६४चं, नॉर्मन शॉचा आराखडा, जेम्स फोर्सिथचं काम, दगड थेट पोर्टलंडहून आलेला. आधी हे राणीच्या बागेत बसवणार होते, मग इथे आलं, किल्ल्याचं चर्चगेट होतं त्या जागी. फ्लोराच्या अंगावरच्या चुण्या बघ, म्हटलं, वाऱ्याने उडाल्यासारख्या वाटतात.

आत्या बघत नव्हती. काठी धरून ती दुसरीकडेच तोंड करून उभी होती.

‘आत्या, इकडे बघ ना.’

‘मी इथे आले होते,’ ती म्हणाली. ‘एकवीस नोव्हेंबरला.’

सन तिने सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. १९५५. ती सतराची होती. शिवणाच्या क्लासला जाते असं आजीला सांगून चाळीतल्या तिघी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आल्या होत्या. पोलिसांनी अडवलं, मग गोळीबार झाला. तिला आवाज आठवत नव्हता, धावणारे पाय आठवत होते. एका माणसाने दंडाला धरून तिला कमानीच्या खांबामागे ओढलं. तो कोण हे तिला कधीच कळलं नाही. ती अनवाणी गिरगावात परतली आणि चपला क्लासमधून चोरीला गेल्या असं घरी सांगितलं. चौसष्ट वर्षं तेच सांगत आली होती.

‘तेव्हाही ही बाई वर उभीच होती,’ आत्या म्हणाली. ‘आणि तू मला मघापासून तिच्या चुण्या दाखवतेस. पाठ कुणाकडे केलीयस बघ.’

मी वळले. हुतात्मा स्मारक. मशाल धरलेले ते दोघे, शेतकरी आणि कामगार. एकतीस वर्षं मी बँकेत जाताना त्यांच्यावरून गेले होते. त्यांच्या हातांकडे, पायांकडे, मशालीच्या पकडीकडे मी एकदाही बघितलं नव्हतं. उलट एकदा कुणाला तरी म्हटलं होतं की शिल्प म्हणून ते साधंच आहे.

आणि तेव्हा मी जे बोलले ते अजून मला रात्री आठवतं. मी म्हणाले, ‘अगं, मी शिल्प म्हणून बघते.’

‘मग तेही शिल्पच आहे,’ आत्या म्हणाली. ती एकटी तिकडे गेली, चपला काढल्या, काठी टेकून उभी राहिली. मी मागून गेले नाही. जायला हवं होतं. पाय उचलले नाहीत, एवढंच सांगू शकते.

त्यानंतर कितीतरी महिने मी कुठलाच पुतळा बघायला गेले नाही. मग पुन्हा जायला लागले. हे तुम्हाला पटणार नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही. नोबलचा संगमरवर अजूनही मला सुंदर वाटतो. तो सुंदर वाटू नये असा प्रयत्न करून बघितला, जमला नाही. पण नाव वाचू नये असं आता मी कुणाला सांगत नाही. ती माझी चैन होती. ज्याच्या चपला तिथे राहिल्या त्याला ती परवडत नाही. आणि तरीही ते पुतळे फोडून टाकायला हवे होते, असं कुणी म्हटलं की मी भांडते. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याच व्हिक्टोरियाला डांबर फासलं, गळ्यात जोड्यांचा हार घातला. ती राणीच नाहीशी केली असती तर चापेकरांनी कशाला हात घातला होता हे मी भाच्याला कुठे नेऊन दाखवलं असतं? दिवसाउजेडी, भर रस्त्यात, तारऑफिससमोर उभी असायची ती. हे मी भाच्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, ‘मावशी, हे तुला आत्ता सुचलंय.’ खरं आहे, आत्ताच सुचलंय.

परवा आत्याचा फोन आला. गुडघ्यांचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, ‘ती नाक तुटलेली आहे का अजून बागेत?’

‘आहे.’

‘डांबराचा डाग दिसतो का कुठे?’

‘नाही गं.’

‘नीट बघितलंस?’

मी कोर बघितली होती, मुकुट बघितला होता. डाग कधी शोधलाच नव्हता. तसं तिला सांगितलं. रविवारी न्यायला ये म्हणाली, दहाच्या आत, ऊन व्हायच्या आधी.